कोळशी कुठेही जाणार नाही

परवा रविवारी पिंपळे गुरवमधल्या आमच्या जिन्यात माझं आणि घरमालकीण माईंचं चांगलंच वाजलं. कारण एक मांजर. काळी, एका डोळ्याची, आणि आता आमची.

सुरुवातीपासून सांगते. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. कुरुळीच्या बाजूच्या गेटजवळ टू-व्हीलर पार्किंग आहे, तिथे ही मांजरबाई राहायची. माझ्या डब्यातली उरलेली पोळी खायची, तीही माझ्यावर उपकार केल्यासारखी...

मग कस्टमरचं ऑडिट लागलं. ऑडिट म्हणजे आमच्याकडे लग्नघर... रंगरंगोटी, जमिनीवर पिवळे पट्टे, सगळं चकाचक. त्यात फर्मान निघालं की मांजर दिसता कामा नये, पोत्यात घालून लांब सोडून या.

माझं डोकंच फिरलं. एक रिकामं क्रेट घेतलं, वर जाळी बांधली आणि तिला कंपनीच्या बसमधून घरी आणलं. बसमध्ये निम्मे लोक हसत होते, निम्मे नाक दाबून बसले होते. बसू देत.

घरी आधीच एक मालक होते. शेठ... आमचा पिवळा बोका, खाऊन खाऊन लोडासारखा झालेला. कोळशीला (हे नाव नवऱ्याने ठेवलं) बघून तो असा फिस्कारला की वाटलं, आता हा घराची कागदपत्रं मागतो.

जनावरांच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, इंजेक्शनं दिली आणि पद्धत सांगितली. दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा, एकाचा टॉवेल दुसऱ्याला द्या, आधी वासाची ओळख होऊ दे, मग तोंडं दाखवा. मला हे भलतंच आवडलं. प्रोसेस म्हटलं की आमच्या अंगात येतं!

कोळशी बेडरूममध्ये, शेठ हॉलमध्ये. वाट्या वेगळ्या, टॉवेल वेगळे, फरशीवर पिवळी टेपसुद्धा लावली. नवरा म्हणाला, "अगं घर आहे हे, असेंब्ली लाईन नाही." मी लक्ष दिलं नाही.

रोज कामावरून आले की टॉवेलांची अदलाबदल. अर्थात आधी दोन्ही टॉवेल गरम पाण्यात साबण घालून खळखळून धुवायचे, आणि फरशी फिनाईलने पुसायची. कंपनीत जे शिकले तेच घरी.

पण शेठ दिवसेंदिवस बिघडत गेला. कपाटाखाली जाऊन बसायचा, वाटीला तोंडच लावेना. जो प्राणी डब्याच्या झाकणाच्या आवाजाने धावत यायचा, तो माझ्याकडे बघेनासा झाला. मला खरंच भीती वाटायला लागली.

मग काय, सगळ्यांना तोंड फुटलं. नवरा म्हणाला, शेठचा जीव जायचा, तिला परत सोडू या. कंपनीतल्या मैत्रिणी म्हणाल्या, भटकं मांजर घरात रुळत नसतं. माई तर थेट घरी आल्या. "काळं मांजर हाय ते, माझ्या दारात नगं. न्हाईतर दुसरी खोली बघा."

मी कुणालाच हो म्हटलं नाही. रडले मात्र... बाथरूममध्ये, नळ सोडून. एकाला वाचवताना दुसरा हातचा जाणार असेल तर काय करायचं, हे कुठल्याच प्रोसेसमध्ये लिहिलेलं नसतं.

आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, हे इथल्यांना सांगायला नको. त्या आठवड्यात कुठेतरी पाइपलाइन फुटली आणि तेही आलं नाही. टाकीत खडखडाट, प्यायला जार. टॉवेल कशाने धुणार? नाइलाजाने कोळशीचा कळकट टॉवेल, केसांसकट, तसाच शेठपुढे टाकला.

शेठ कपाटाखालून आला. हुंगला... परत हुंगला... फिस्कारला नाही. चक्क त्यावर गाल घासला आणि पाय दुमडून बसला.

मी कपाळावर हात मारला. वासाची ओळख व्हावी म्हणून टॉवेल बदलायचा, आणि वासच मी रोज धुऊन टाकत होते! शेठसाठी कोळशी रोजच नवीन होती. डॉक्टरांना फोन केला तर ते आधी हसले, मग झापलं. फिनाईल मांजरांना घातक असतं, आजपासून बंद.

पाणीटंचाईचे आभार मानणारी शहरातली मी एकटीच असेन. पाणी आलं तरी टॉवेल धुतले नाहीत. दाराच्या दोन्ही बाजूंना वाट्या ठेवल्या आणि शेठ जेवला. पूर्ण वाटी. मग एके दिवशी दार उघडलं... कोळशीने एक चापट खाल्ली, दोन दिल्या आणि विषय संपला. आता दोघं एकाच पलंगावर झोपतात. मैत्री म्हणणार नाही, पण झोपतात.

तर परवाचा रविवार. माई दुधाची पिशवी घेऊन वर येत होत्या, मी कचऱ्याचा डबा ठेवायला दार उघडलं आणि कोळशी सटकली. बरोबर माईंसमोर, पायरीच्या मधोमध जाऊन बसली. माई ओरडल्या, "सांगितलं व्हतं ना तुला, हे नगं म्हणून!"

दोन मांजरं घेऊन या भागात नवीन खोली मिळणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. तरी म्हणाले, "माई, ती कुठेही जाणार नाही. काढायचं असेल तर आम्हा चौघांना एकदम काढा."

माईंनी तिच्या बाजूने पुढे जायला पाय उचलला. मी म्हटलं, "थांबा. आधी तिला जाऊ द्या. आजवर प्रत्येक जागेवरून तिलाच उठवलंय."

आणि माई थांबल्या. पुटपुटत, तोंड वाकडं करून... पण थांबल्या. कोळशीने आधी पंजा चाटला, मग पाठ चाटली, मग शेपूट वर करून सावकाश आपल्या घरात गेली.