नाकातला बोळा

माझ्या नवऱ्याचा घोळणा दर उन्हाळ्यात फुटायचा. कसब्यातल्या आमच्या घरात त्याचं कुणाला काही वाटत नसे. सासूबाई डोक्यावर ओलं फडकं ठेवायच्या, कांदा हुंगायला द्यायच्या, आणि हा नाकाशी रुमाल धरून हिंजवडीच्या कंपनीची बस पकडायला पळायचा. त्या वर्षी मात्र रक्त थांबेचना. शेवटी नाकाच्या डॉक्टरांनी लांबलचक गॉजपट्टीचा बोळा नाकात घट्ट बसवला आणि बजावलं, "परवा काढायला या. विसरायचं नाही."

परवा याच्या ऑफिसात रिलीज होतं. म्हणजे या लोकांनी केलेलं सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाच्या हाती जायचं होतं, आणि तोवर बाकी जगाने थांबायचं होतं.

"तासाभराचं तर काम आहे, जाऊन ये ना," मी म्हटलं.

"रक्त थांबलंय. काढल्यावर परत सुरू झालं तर? शुक्रवारी जातो."

शुक्रवारी तो तापाने फणफणला. उलट्या, जुलाब. नाकाचे डॉक्टर नेमके परगावी गेलेले. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, "कँटीनचं खाल्लं असेल." मी बोळ्याचं सांगितलं. "ते ज्यांनी घातलंय त्यांना दाखवा," असं म्हणून त्यांनी पोटाच्या गोळ्या लिहून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंग लालबुंद झालं होतं, उन्हात भाजून निघाल्यासारखं. खालच्या वहिनींनी गोवर ठरवला, समोरच्या काकांनी डेंग्यू. त्यांचा वाद चालू असतानाच नवरा तोंड धुवायला उठला आणि मोरीत कोसळला.

हॉस्पिटलात विचारलं, काय खाल्लं, पाणी कुठलं प्यायलं, गावाला जाऊन आलात का. सासूबाईंना एकदम आठवलं, "लोणी काळभोरला लग्नाला गेलो होतो. तिथला मठ्ठा आंबट होता." झालं. पुढची दहा मिनिटं मठ्ठ्यावर गेली. किती जणांनी प्यायला, कुणाला त्रास झाला. मी मध्ये मध्ये "नाकात बोळा आहे हो" म्हणत होते आणि "थांबा मॅडम, एकेक घेऊ" हे ऐकत होते. रक्तदाब घसरत चालला होता.

शेवटी एक तरुण डॉक्टरीणबाई त्याच्या तोंडाशी वाकल्या आणि वास येताच मागे झाल्या. "हे आत कधीपासून आहे?"

"तेच सांगतेय मघापासून."

त्यांनी चिमट्याने पट्टी ओढायला घेतली. ती संपता संपेना. मग मला बाजूला घेऊन समजावलं. एक जंतू असतो, तो कितीतरी लोकांच्या नाकात गुपचूप राहतो, काही करत नाही. बोळ्याआड त्याला आयती जागा मिळाली, तिथे तो वाढला, त्याने विष सोडलं, आणि ते विष रक्तातून अंगभर गेलं. "टॉक्सिक शॉक सिंड्रोम म्हणतात. फार क्वचित होतो. मी पुस्तकात वाचलाय, पेशंट पहिल्यांदाच बघतेय."

तो आयसीयूत असताना त्याच्या मॅनेजरचा फोन आला.

"मॅम, फक्त दोन मिनिटं बोलता येईल का? एक पासवर्ड हवा होता."

"त्याला स्वतःचं नाव धड सांगता येत नाहीये," मी म्हटलं.

"ओके मॅम. मग संध्याकाळी करू?"

मी फोन ठेवला आणि जिन्यात बसून रडले. काळजीने की संतापाने, ते मलाही कळलं नाही.

तो वाचला. घरी आला तर भेटायला येणाऱ्यांना सासूबाई सरळ "डेंग्यू झाला होता" म्हणून सांगत. मी एकदा दुरुस्ती करायला गेले. "अगं, बोळ्याने माणूस जायला टेकला होता, हे कुणाला पटणार आहे?" त्या म्हणाल्या. खरंच कुणाला पटत नव्हतं. आत्याबाई तर म्हणाल्या, "नक्की दुसरं काही लपवत नाही ना?"

थोड्या दिवसांनी त्याच्या तळहातांची, बोटांची सालं निघायला लागली. हे होणारच होतं, डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं. तशाच हातांनी तो कामावर रुजू झाला, आणि दारावरचं बोटाचे ठसे घेणारं यंत्र त्याला ओळखेना. दिवसभर खुर्चीत बसून काम करायचा आणि कागदोपत्री गैरहजर असायचा. ऑफिसातून सूचना आली, बोट स्वच्छ पुसून लावावं. आजार कळवला तर उत्तर आलं, डेंग्यूत असं होत नाही. डेंग्यू त्यांना कुणी सांगितला, देव जाणे.

नवी कातडी आल्यावर ते मिटलं. एके रात्री जेवताना हा मला म्हणाला, "तू त्या दिवशी मला ओढत का नाही नेलंस डॉक्टरकडे?"

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. सासूबाईंनी त्याला विचारलं, "काय झालंय हिला?"

"दमली असेल," तो म्हणाला, आणि लॅपटॉप उघडून बसला.