रबरावरची चीर

आधी तापलेल्या रबराचा वास येतो. मग त्याच्या आतून, किंचित उशिरा, वितळलेल्या फिल्मचा — गोडसर, करपलेल्या सायीसारखा. आणि सगळ्यांत शेवटी तेलात कालवलेल्या कुंकवाचा. हे तीन वास एकमेकांत मिसळलेले असे मी आयुष्यात एकदाच घेतले. त्याविषयी आजवर कोणाशीही बोलले नाही. पतीशी नाही, मुलांशी नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही मी दुसरेच काहीतरी मागत राहिले. तुम्हाला का सांगते आहे? ते मला नीट सांगता येणार नाही. सांगते आहे, एवढेच.

सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत माझ्या सासरचा छापखाना होता. लग्नपत्रिका, दिनदर्शिका, चादरींच्या गठ्ठ्यांवर लावायची रंगीत लेबले — असे काम. सत्तरीचे दशक सरत आले होते. त्या सुमारास माझ्या पतींनी मुंबईहून लॅमिनेशनचे यंत्र आणले. दोन रबरी रूळ, एकावर एक, आतून तापणारे. मधून छापील कागद जायचा आणि वरच्या गुंडाळीतली पारदर्शक फिल्म त्याच्यावर चिकटून बाहेर यायची. कागद आत जाताना मुका असे. बाहेर येताना त्याच्यावर पाणी हलल्यासारखा उजेड हलत असे. कॉलेजात मी कविता करीत असे, सासरी आल्यावर थांबले होते. त्या उजेडाकडे पाहत मी दुपारच्या दुपार उभी राहू शके.

या कामाला स्वच्छ हात आणि शांत चित्त लागते, पुरुषांच्या शाईच्या हातांचे ते नव्हे, असे मामंजींनी ठरवले. म्हणून ते माझ्याकडे आले. स्वयंपाकघराबाहेर मला मिळालेली ती पहिली जागा होती. हे लक्षात असू द्या. सबब म्हणून सांगत नाही — पण मी काय गमावायला भ्याले, ते तुम्हाला कळायला हवे.

मदतीला नागम्मा होती. विणकरांच्या घरातली, तेलुगू बोलणारी, माझ्याच वयाची विधवा. एका मुलीला घेऊन दिराच्या घरी राहत होती. आधी घरी बसून विड्या वळायची. तंबाखूच्या सुपापुढे मुलीला बसवायचे नाही, तिला शाळेत ठेवायचे, एवढ्यासाठी ती आमच्याकडे आली होती. तिला यंत्र मी शिकवले. कागद ओलसर असेल तर आधी उन्हात फिरवून घ्यायचा. गठ्ठा पंख्यासारखा फुलवून त्यातली धूळ झटकायची. रोज सकाळी रूळ पुसायचे. कागद सरळ धरायचा, कारण तो तिरका गेला की फिल्म सरकते आणि कागदाऐवजी रुळालाच गुंडाळत जाते. आणि तसे झालेच, तर — थांबायचे. यंत्र बंद, हीटर बंद, वरचा रूळ उचलायचा, हाताच्या चाकाने उलटे फिरवायचे, आणि रबर कोमट होईपर्यंत नुसते बसून राहायचे. मग फिल्म बोटांनी सोलून निघते. ब्लेड लावायचे नाही. रबराला एकदा चीर पडली की पुढच्या प्रत्येक कागदावर तिची रेघ उठते, आणि फिल्म पुन्हा पुन्हा तिथेच अडकते.

"म्हंजे सासूसारखं हाय की वैनी हे," नागम्मा म्हणाली होती. "तापलंय तवर हात लावायचा न्हाई, बोलायचं बी न्हाई."

मी हसले होते. माझ्या सासूबाई पलीकडच्याच खोलीत होत्या, म्हणून तोंडात पदर धरून हसले होते.

आमच्या घरात सगळ्यांच्या कपाळी विभूती असे. आपल्यात विटाळ मानत नाहीत, असे सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना अभिमानाने सांगत. मानतही नसत — एरवी. परंतु खंडेनवमीला छापखान्यातल्या यंत्रांची पूजा सवाष्णीच्या हातूनच होई, आणि नागम्मा त्या दिवशी पहाटे येऊन फरशी धुऊन, यंत्र पुसून, मागच्या दाराबाहेर जाऊन बसे. तिला कोणी बाहेर बस म्हणत नसे. ती आपण होऊन बसे. हे किती सोयीचे होते आम्हाला, नाही का?

पूजेत माझा स्वतःचा एक नियम होता. हळदकुंकू लोखंडी चौकटीला लावायचे, रबराला नाही. मीच तो घालून दिला होता. त्या वर्षी सासूबाई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "चौकटीला काय लावतीस? जे राबतंय त्याला लाव की."

मी म्हणू शकले असते की अव्वा, रबराला तेल चालत नाही. साधे वाक्य होते. मी म्हटले नाही. मी तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटे वरच्या रुळावर ओढली. त्यांना बरे वाटले, आणि त्यांना बरे वाटले म्हणून मलाही बरे वाटले.

पूजेनंतर आमच्याकडे मुहूर्ताचा एक कागद काढीत. देवीच्या चित्रावर फिल्म चढवायची आणि ते चित्र देवघरात ठेवायचे. सगळी मंडळी पुढच्या खोलीत छपाईयंत्राच्या आरतीला गेली. तेवढ्यात मी मागे थांबून रूळ पुसायचा, तापवायचा, कागद काढून ठेवायचा, असे ठरले होते. मी रूळ पुसला. पुसला म्हणजे कुंकवाचा रंग गेला. तेल गेले की नाही, हे बोट फिरवून पाहायला हवे होते. मी पाहिले नाही. त्या दिवशी माझ्या अंगावर नवी इरकल होती, हाताला तेल लागू नये असे वाटत होते — असल्या गोष्टी लक्षात राहतात.

देवीचे चित्र आत सरकवले. तेलावरून फिल्म घसरली, तिरकी झाली आणि वरच्या रुळाला गुंडाळू लागली. चित्रही तिच्याबरोबर वर ओढले गेले. मी यंत्र बंद केले. इथपर्यंत सगळे मी शिकवल्याप्रमाणेच झाले. आता थांबायचे होते. पण पुढून टाळ्यांची लय वाढत असलेली ऐकू येत होती. आरती संपत आली होती, आणि संपली की सगळे मुहूर्ताचा कागद पाहायला येणार होते. येऊन काय पाहिले असते त्यांनी? रुळाला चिकटलेली, करपलेली देवी. आणि तिच्याशेजारी मी.

बांधणीच्या टेबलावर ब्लेड होते. मी ते घेतले. डाव्या हाताने फिल्म ओढून धरली आणि उजव्या हाताने कापली. डावा तळवा तापलेल्या रबराला टेकला, तो टेकूनच राहिला. दुखल्याचे मला आठवत नाही. फिल्म निघाली, चित्रही तुकड्यातुकड्यांनी निघाले. ते सगळे मी रद्दीच्या पोत्यात तळाशी दाबले. मग रुळाकडे पाहिले. बोटाएवढी चीर होती. बारीक आणि अगदी सरळ. मी काढलेल्या रेघा एरवी इतक्या सरळ येत नाहीत.

मंडळी आली. यंत्र बंद का, म्हणून पतींनी विचारले आणि वाकून पाहिले. त्यांना चीर दिसली. ते रागावले नाहीत. फक्त विचारले, "तू सुरू करायच्या आधीपासून होती का ही?"

मी म्हटले, हो. होती.

एवढेच. मी नागम्माचे नाव घेतले नाही. घ्यावे लागलेच नाही. पहाटे यंत्र कोणी पुसले होते, ते सगळ्यांना ठाऊक होते. सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "सणाच्या दिवशी पहिला हात कुणाचा लागावा, ते आपणच बघायला पायजे हुतं." कोणीतरी मान हलवली. पती म्हणाले की काल फिल्म अडकली असेल आणि कापायची घाई केली असेल तिने, दुसरे काय. अशा रीतीने तिच्यावर दोन दोष बसले, एक हाताचा आणि एक नशिबाचा. आणि दोन्ही ऐकत मी समईची वात सारखी करीत उभी राहिले.

तिला कोणी बोलले नाही. आमच्या घरात कोणी ओरडून बोलत नसे. सासूबाईंनी तिला पुरणपोळ्या बांधून दिल्या आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. मुंबईहून नवा रूळ आला. मी ते यंत्र पुढे कितीतरी वर्षे चालवले. नव्या बायका आल्या, त्यांनाही मीच शिकवले. थांबायचे, ब्लेड लावायचे नाही — हे वाक्य मी न अडखळता म्हणत असे. नागम्माच्या वस्तीवरून एकदा जाणे झाले. दारात ती विड्या वळत बसली होती, आणि दुसऱ्या सुपापुढे तिची मुलगी. शाळेची वेळ होती. मी रिक्षा थांबवली नाही.

मला तेव्हा काय वाटले? खरे सांगायचे तर काही नाही. आजही ती जागा मी चाचपून पाहते, तिथे काही लागत नाही.

खंडेनवमीच्या त्या दिवशी ती जाण्यापूर्वी डबा घ्यायला आत आली होती. मी यंत्रापाशी एकटीच होते. डावा हात पदराखाली घेतला होता. तिने फडताळातून डबा काढला, पुरणपोळ्यांची पुरचुंडी त्यावर ठेवली, जाता जाता रुळाकडे पाहिले. चिरेकडे पाहिले. मग माझ्या पदराकडे. त्याखाली हात कसा धरलेला आहे, ते तिला दिसत असावे. ती जवळ आली. पुढच्या खोलीत माणसे होती, म्हणून अगदी हळू, आमच्या दोघींपुरते तिने विचारले —

"भाजलं?"