उजव्या बुटाची कड

“पळून दाखवू नको. वळून दाखव.”

पोलीस भरतीच्या तयारीला बीडच्या मैदानावर आलेल्या प्रत्येकाला सर पहिल्या दिवशी हेच सांगत. ते निवृत्त क्रीडाशिक्षक. बाकीचे प्रशिक्षक स्टॉपवॉच घेऊन शेवटच्या रेषेवर उभे राहत. हे वळणावर उकिडवे बसत आणि गुडघ्यांकडे बघत.

त्यांचा कुणावरच विश्वास नव्हता. भरतीची पोरं दुखणं लपवतात, गोळ्या खाऊन पळतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. सर रोज सकाळी सगळ्यांना बूट काढायला लावून तळ तपासत.

मला सरांचाच संशय होता. पाटोदा तालुक्यातल्या एका मेंढपाळाने आमच्या वर्तमानपत्राच्या कार्यालयात तक्रार आणली होती. सरांनी त्याच्या धाकट्या मुलीला सरावातून काढलं होतं. वयोमर्यादेमुळे तिची ही शेवटची भरती. सरांना नात्यातली कुणी पुढे काढायची असणार, असं त्याचं म्हणणं.

मी मैदानावर गेलो. सरांनी मलाच एका पायावर उभं केलं.

“गुडघा म्हंजी काय दाराची बिजागरी हाय का? सरळ होताना शेवटाला जरासा फिरतो, मग घट्ट बसतो. वळताना पाय जमिनीत रोवलेला, वरून मांडी फिरती. लिगामेंट तुटलेलं असलं की तिथंच दगा.”

असा गुडघा फिरायला घाबरतो, म्हणून माणूस पंजा आधीच बाहेर वळवून टाकतो आणि बुटाची आतली कड झिजते, असं त्यांनी समजावलं. मुलगी कुंपणापाशी बसून होती. तिच्या उजव्या बुटाची कड खरोखरच झिजलेली होती.

तिला वळायला लावलं होतं का, असं मी विचारलं. गरज पडली नाही, बुटावरूनच कळलं, असं सर म्हणाले. मी आग्रह धरला. मुलगी अनवाणीच उठली आणि पाय रोवून तीनदा वळली. गुडघा जागचा हलला नाही.

“गोळी खाल्लीस?”

“न्हाई सर. बूट ताईचे हायेत. नवे कुठून आणू?”

सरांनी तो बूट उचलून कड पुन्हा बघितली. थोरलीही दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडेच होती. भरतीच्या दिवशी ती वळणावर पडली. बूट घसरला, असं तिने सांगितलं आणि सरांनी ते मानलं. बूट तपासायची सवय त्यांना त्या दिवसापासून लागली होती. थोरली आता ऊसतोडीला जाते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते.

धाकटीला त्यांनी त्याच सकाळी रांगेत घेतलं. माझी बातमी झाली नाही.

तिचं नाव निवड यादीत लागलं, तेव्हा सर मैदानावर नव्हते. ते थोरलीला घेऊन हाडांच्या दवाखान्यात गेले होते. मी तिथे पोहोचलो तेव्हा तपासणी उरकली होती. लिगामेंट जुनंच तुटलेलं निघालं. सर तिच्यासमोर उकिडवे बसले होते.

“तवाबी दुखत व्हतं का, बाई?”

“लई दुखत व्हतं. पर तुमी इचारलं असतं, तरी न्हाईच म्हणले असते, सर.”

“पर मी इचारलंबी न्हाई,” सर म्हणाले. त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत.