नळावरचा नंबर

"ह्या पोरीकडेच बघा," सर माईकवर म्हणाले. "घरात पाच भावंडं. मग पाणी पुरेल कुठून?"

सगळी शाळा हसली. मी मंचावर उभी. सातवीत होते. समोर सतरंजीवर आई बसली होती, मांडीवर आमचा सर्वांत धाकटा. पोरगी भाषण करणार म्हणून ती आरा मशीनवरचं भुसा भरायचं काम टाकून आली होती. सगळे हसले म्हणून तीही हसली. मग बायका वळून वळून तिच्याकडेच बघायला लागल्या, तेव्हा तिनं पदर पुढे ओढला.

लोकसंख्या दिनाचं भाषण होतं ते. सरांनी लिहिलेलं, मी घोकलेलं. 'गरिबीचं कारण एकच, बेसुमार पोरं.' त्यांच्याच घरी जाऊन पाठ केलं होतं. तीन माणसांचं घर. अंगणात त्यांचा मुलगा नळी लावून गाडी धूत होता, पाणी फाटकाबाहेर वाहत होतं, आणि मी खणखणीत आवाजात म्हणत होते, 'पाणी कुणी संपवलं?' मला त्यात काहीच खटकलं नाही. आज लाज वाटते ती याची.

आमची वस्ती लकडगंजच्या वखारींमागे. विहाराजवळ एकच नळ, पहाटे अर्धा तास. त्याच रस्त्याखालून जाडजूड पाइपलाइन सरांच्या कॉलनीकडे गेलेली.

त्या संध्याकाळी आईनं विचारलं, "काहून वं, मी पाच लेकरं काढले म्हणून नळाले पाणी येत नाही का?"

ती चिडली नव्हती. खरंच विचारत होती. मी थोरली, घरात वाचता येणारी मी एकटी. मी म्हटलं, "सरांनी तसंच लिहिलं हाय, माय."

दुसऱ्या दिवसापासून आई नळावरचा आपला नंबर सोडायला लागली. पहाटे सगळ्यांच्या आधी पाण्याचा गुंड लावायची आणि नंबर आला की मागचीला म्हणायची, "तू भर पहिले. आमच्या घरी लय मानसं हायेत." नळ गेला की रिकामा गुंड कमरेवर घेऊन परत यायची. दुपारी वखारीच्या हौदातलं पाणी मागून आणायची. मी बघत राहिले. एकदाही अडवलं नाही.

पुढे बहिणींची लग्नं झाली. भाऊ कामाला पुण्याला गेले. बाबा वारले. घरात आई आणि मी, दोघीच. आसपासही आता दोन-दोनच लेकरं. आणि नळ? तोच अर्धा तास. एके दिवशी रांगेत उभी असताना माझं डोकं भणाणलं. आम्ही पाच जणांनी पाणी संपवलं होतं ना? मग चौघं गेल्यावर ते उरायला नको होतं?

धावत घरी आले. म्हटलं, "माय, तुह्यं काही चुकलं नव्हतं."

"राहू दे वं," ती म्हणाली. "तूच तं सांगितलं होतं मले."

मी आता शिक्षिका आहे. कंत्राटी. भाड्याच्या खोलीत नळ आहे, पाणीही येतं. आई अजून अर्धीच बादली भरते. मी रागावले, रडले, हाताला धरून नळाशी उभी केली. काही उपयोग होत नाही. नळाला धार असतानाच ती तोटी बंद करते.

परवा मुख्याध्यापक बाईंनी भाषणाचा कागद माझ्या हातात दिला. शब्द थोडे बदललेले, बाकी तेच. म्हणाल्या, "तुमच्या वर्गातली ती सहा भावंडांची मुलगी घ्या. डोळ्यांसमोर उदाहरण असलं की पालकांना पटतं."

पुढच्या वर्षी मला ठेवायचं की नाही, ते त्यांच्याच हाती. कागद मी टेबलावर परत ठेवला.

"ती उभी राहणार नाही," मी म्हटलं. "मी राहते."

आईला पुढच्या रांगेत बसवणार आहे. माईकवर सांगणार, ही माझी आई, हिनं कोणाचं पाणी संपवलं नाही. मग ती पाइपलाइन कुठून कुठे जाते, तेही सांगणार. त्यांनी माईक बंद करावा, नाहीतर मला काढावं.

ते ऐकून आई बादली काठोकाठ भरेल, अशी आशा मला नाही. तरी मी बोलणार.