नव्या दस्त्यातली रायफल

ओमानमधल्या सहम गावी एका घरी एसी दुरुस्त करायला गेलो, तेव्हा ते भेटले. सत्तरीचे ओमानी गृहस्थ, ओसरीत चटईवर बसलेले, मांडीवर वडिलांची रिकामी रायफल. तिचा लाकडी दस्ता समुद्राच्या दमट हवेनं फुगला होता, म्हणून त्यांनी नवा प्लास्टिकचा आणला होता. लोखंडी भाग आत हलू नये म्हणून फटीत इपॉक्सी, म्हणजे दगडासारखा घट्ट होणारा गोंद, भरून तो आदल्या दिवशी बसवला होता. आता एकदा सुटा करून पाहायचा होता. गोंद चिकटू नये म्हणून लोखंडाला मेण लावताना एखादी जागा राहिली असेल, तर रायफल कायमची अडकणार होती.

"पकडो," ते म्हणाले. मी दस्ता धरला. त्यांनी स्क्रू काढून नळी ओढली. काही हललं नाही.

"बाबा, हातोडी दूँ?"

"ना, ना. चिपकाया नहीं, बिठाया है. निकलेगा, इन्शाल्ला."

मग तान्ह्या बाळाची पाठ थोपटावी तसे ते दस्ता खालून थोपटत राहिले. बऱ्याच वेळानं टक्कन आवाज झाला आणि लोखंड अलगद हातात आलं. इपॉक्सीत त्याचा प्रत्येक कंगोरा उमटला होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, मग माझं बोट धरून फिरवलं.

"माशाल्ला," मी म्हणालो.

ते खुशीत हसले. "यल्ला, अब तुम अपना काम दिखाओ."

त्या दिवशी एसी मी जितकं मन लावून दुरुस्त केला, तितकं त्याआधी क्वचितच लावलं असेल.