मागच्या सीटवरचं वजन

घासलेल्या टायरचा जळका वास आला, की मला दादाची सेकंडहँड पिवळी स्पोर्ट्स कार आठवते. गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसावी म्हणून त्यानं तिच्या स्प्रिंगा कापून घेतल्या होत्या, आणि तेव्हापासून ती वळणावर आवाज करत बाजूला उडी मारायची. एका दुपारी दोष शोधायला त्यानं मला मागं बसवलं, "आवाज कुठून येतो ते ऐक" म्हणाला, आणि आम्ही पैठण रोडला लागलो. चितेगावच्या अलीकडच्या वळणावर खड्डा आला, माझ्याखाली धाडकन आपटलं, गाडी सरकली आणि टायर पत्र्याला घासल्याचा वास आत भरला. "दादा, नव्या स्प्रिंगा टाक रे, उंच कर हिला," मी घाबरून म्हणाले. तो हसला. "उंच करून काय जीप म्हणू हिला? स्प्रिंगांना काय नाय झालं. तूच लई जड झालीस." दुसऱ्या दिवशी तो एकटाच त्या रस्त्यानं गेला. वास आला नाही, म्हणून चितेगावहून खुशीत फोन केला, "बघ, सापडला दोष!" परतताना त्याच वळणावर गाडी उडाली आणि समोरून येणाऱ्या ट्रकखाली गेली. आई अजून म्हणते, बरं झालं, तू गाडीत नव्हतीस. मी व्हय म्हणते. मी गाडीत नव्हतेच. दोष मात्र गाडीतच होता.