पिवळे पाडे

“आज पट्ट्यांचं बोलायचं नाही,” विमलताईंच्या हातातला कागद बदलत मी म्हणालो. समोर सभा भरत आली होती. मतदानाला आठ दिवस उरले होते आणि माझा पाय एका जागी ठरत नव्हता.

विमलताई जिल्हा परिषदेच्या उमेदवार. शहादा तालुक्यातला त्यांचा गट अर्धा सपाटीवर, केळी-उसाचा, आणि अर्धा सातपुड्याच्या पाड्यांचा. वनपट्टा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जंगलजमिनीचा हक्काचा कागद. त्यासाठी पाड्यांबरोबर मोर्चे काढूनच ताई पुढे आल्या होत्या. मी त्यांचा सर्व्हेवाला.

माझं काम सांगायला सोपं आहे. घरोघर विचारायचं आणि मतदारयादीवर रंग मारायचा. हिरवा म्हणजे आपला, लाल म्हणजे समोरच्याचा, पिवळा म्हणजे कुंपणावरचा. मग प्रत्येक निवडणुकीत तोच वाद सुरू होतो, की हिरव्याला पेटवायचं का पिवळ्याला चुचकारायचं.

या वेळी सपाटीवर पिवळे होतेच. पण वरचे पाडेही पिवळे आले, अख्खेच्या अख्खे. मी हिशोब मांडला. पाड्यांनाच पट्ट्यांचं फारसं पडलेलं नसेल, तर तो विषय काढून पट्ट्यांच्या मोर्च्यांवर आधीच नाराज असलेले सपाटीचे शेतकरी कशाला बुजवायचे? भाषणातून पट्टे काढले आणि रस्ते, पाणी, शाळा घातल्या. ज्याने कुणाचंच पोट दुखत नाही असं सगळं.

पक्षाचे तालुकाध्यक्ष नाना माझ्यावर तडकले. “भाऊ, आपलाच मानसे घर बठनात, तं ह्या कुंपनवरला आपले निवडी देतीन का?”

“नाना, पाडे आपले असते तर यादीत दिसले असते.”

“तू वर जाईसन उना का?”

गेलो नव्हतो. कार्यकर्ते पाठवले होते. जन्म शहाद्यातला, पण डोंगर चढलो तो तोरणमाळच्या सहलीपुरता. हे मी नानांना सांगितलं नाही. उलट आवाज चढवला.

ताईंनी ते भाषण दोन सभांत वाचलं. दुसऱ्या सभेनंतर म्हणाल्या, “भाऊ, जीभ अडते हो माझी.”

“ताई, थोडेच दिवस.”

पण मलाच चैन पडेना. यादी पुन्हा पुन्हा उघडत होतो. कुठल्याही गावात दोन-चार हिरवे, दोन-चार लाल निघतातच. सगळं गाव कुंपणावर बसलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. चार दिवस उरले तेव्हा न राहवून मोटरसायकल काढली आणि वर गेलो.

सगळ्यात मोठ्या पाड्याचे कारभारी, म्हणजे गावाच्या वतीने बोलणारे म्हातारबाबा, ओट्यावर भेटले. त्यांनी कोरा चहा पाजला. मी सरळ विचारलं, “बाबा, आमची माणसं आली तेव्हा सगळेच ‘बघू’ का म्हणाले?”

“गाव बसलं नव्हतं ना. बसल्याबिगर एकटा माणूस कसा सांगेल? आमच्यात ते बरं नाय दिसत.”

हे लोक कुंपणावर नव्हतेच. एकत्र बसून ठरवायच्या आधी कुणी एकट्याने तोंड उघडत नाही, एवढंच होतं. आणि आम्ही एकेकाला एकटं गाठून विचारत होतो.

“मग आता कधी बसणार?”

“काल बसलो.”

“काय ठरलं?”

बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. “दर वेळी ताईलाच द्यायचं, असं लगेच ठरतं. काल पोरं म्हणाली, खालच्या सभेत ताई पट्ट्यांचं बोलली नाय. दोनदा नाय बोलली. मग ठरलं, ज्याला जिकडं वाटेल तिकडं टाकू द्या.”

मी ज्यांना पिवळं रंगवलं होतं, ते माझ्याच सल्ल्यामुळे आता खरोखर पिवळे झाले होते. स्वतःची एवढी लाज मला क्वचितच वाटली असेल.

ताईंना फोन केला. त्या दुपारी तडक आल्या, हात जोडले, चुकलं म्हणाल्या. गावाने सगळं ऐकून घेतलं. पण एका निवडणुकीला गाव दोनदा बसत नाही. कारभाऱ्यांनी ते शांतपणे सांगितलं आणि शेवटच्या दोन सभांत ताई घसा फुटेस्तोवर पट्ट्यांवर बोलल्या, तरी पाड्याची मतं विखुरली ती विखुरलीच. सपाटीचे पिवळे ज्याच्या त्याच्या जुन्या वाटेने गेले. ताई थोडक्यात पडल्या.

पेटवायचं की चुचकारायचं, असं आता कुणी विचारलं की मी आधी विचारतो, आपली माणसं ओळखता येतात का? मला येत नव्हती, तरी मी फी घेत होतो.

निकालानंतर आठवड्याने ताईंचा फोन आला. शिव्या खायची तयारी ठेवून उचलला.

“भाऊ, पडले त्याचं काही नाही,” त्या म्हणाल्या. “काल पाड्यावर गेले होते. इतकी वर्षं मी तिथे सगळ्यांबरोबर जमिनीवर बसत आले. काल त्यांनी मला खुर्ची आणून दिली.”